दगडी पाल्याच्या अर्काचं नॅनोफायबर ड्रेसिंग: कुठल्या क्रमाने काय करायचं आणि गाडी कुठे अडकते

एमएस्सी, एमफार्म किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षातली बरीच पोरं हा विषय घेतात आणि क्रम जवळपास सगळ्यांचा सारखाच असतो. पाला आणला, अर्क काढला, पीव्हीएमध्ये (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं पॉलिमर) ढवळला, इलेक्ट्रोस्पिनिंगला (उच्च व्होल्टेजने द्रावणातून अतिबारीक धागे ओढणं) लावला, एसईएमचे (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे) सुंदर फोटो आले, सगळे खूश, आणि मग बॅक्टेरियाच्या प्लेटवर मॅट (धाग्यांचा तयार झालेला पातळ थर) ठेवली तर झोनच (भोवतीचं वाढ नसलेलं वर्तुळ) नाही. किंवा झोन आला, पण नंतर कळलं की तो क्रॉसलिंकिंगच्या (मॅट पाण्यात टिकावी म्हणून रेणू एकमेकांना जोडण्याच्या) ग्लुटराल्डिहाइडचा होता, अर्काचा त्यात काही हात नव्हता. दोन्ही वेळा घोळ एकच असतो, मशीन आधी चालवलं जातं आणि हिशोब नंतर केला जातो. म्हणून इथे क्रम उलटा दिलाय, स्पिनिंग थेट सहाव्या टप्प्यावर येतं.

उदाहरण दगडी पाल्याचं घेतलंय, म्हणजे एकदांडी, काही भागात कंबरमोडी म्हणतात, शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स. गावाकडे खरचटलं की चुरगाळून लावतात तोच. हळद, कडुनिंब, कोरफड काहीही घ्या, क्रम बदलत नाही, फक्त आकडे बदलतात.

सावधान: हे सगळं लॅबमधलं काम आहे. तयार झालेली मॅट स्वतःच्या, मित्राच्या किंवा घरच्या कुणाच्याही जखमेवर लावून बघायची नाही, "नैसर्गिकच तर आहे" म्हणून तर अजिबात नाही. ड्रेसिंग हे आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांखाली येतं, आणि तिथपर्यंतचा रस्ता लांब आहे.

टप्पा १: पाला गोळा करणं

दगडी पाला सगळीकडे उगवतो हीच त्याची अडचण आहे. रस्त्याकडेचा, रेल्वे रुळालगतचा, गटाराजवळचा घेऊ नका, धूळ, तणनाशकं आणि जड धातू सगळे अर्कात उतरतात आणि मग बॅक्टेरिया नक्की कशाने मेले ते सांगता येत नाही. एकाच जागेवरून, एकाच वेळी, अख्ख्या प्रोजेक्टला पुरेल एवढा गोळा करा. पावसाळ्यातला पाला आणि मार्चमधला पाला यांच्या अर्कात फरक पडतो, आणि अर्धं काम झाल्यावर नवा लॉट आणलात तर एमआयसीपासून (बॅक्टेरियाची वाढ थांबवणारी सगळ्यात कमी तीव्रता) सगळं परत करावं लागेल. ओल्या झाडात बहुतेक वजन पाण्याचंच असतं, एक किलो ओल्यातून साधारण दीडशे ते अडीचशे ग्रॅम वाळलेला माल हातात येतो, त्या अंदाजाने घ्या.

एक फांदी फुलासकट, शक्य तर मुळासकट, वर्तमानपत्रात दाबून हर्बेरियम नमुना करा आणि ओळख पटवून सर्टिफिकेट घ्या. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र अशा जागी हे होतं. नमुन्याचा नंबर पेपरमध्ये लागतोच, आणि रिव्ह्यूअरने विचारल्यावर पळापळ करून काही उपयोग नसतो कारण तोवर ते झाड राहिलेलं नसतं.

पाला धुवा, सावलीत वाळवा. उन्हात टाकू नका. दांडा कडकन मोडला की वाळला समजा. मिक्सरमधून काढताना भांडं गरम व्हायला लागलं की थांबायचं, मग पुढचा घाणा. पावडर हवाबंद डब्यात, सिलिकाची पुडी टाकून, अंधारात.

टप्पा २: अर्क

शुद्ध इथेनॉलला एक्साइजचं परमिट लागतं म्हणून बरेच जण मेथॅनॉल वापरून मोकळे होतात. जखमेवर लावायच्या गोष्टीसाठी मेथॅनॉल नको, अंश राहिला तर पेशींच्या टेस्टमध्ये नडेल आणि नाही नडला तरी रिव्ह्यूअर नडेल. डिपार्टमेंटकडे इथेनॉलचा साठा आहे का बघा, नसेल तर अर्ज आत्ताच टाका, त्याला वेळ लागतो.

कृती अशी:

१. पावडर आधी हेक्झेन किंवा पेट्रोलियम ईथरमध्ये काही तास ढवळून गाळा. मेण, चरबी आणि बराचसा हिरवा रंग निघून जातो. हा भाग लोक वगळतात आणि मग तेलकट हिरवा चिकटा पाण्यातल्या पीव्हीएमध्ये मिसळतच नाही म्हणून रडतात.
२. पावडर वाळवून, सॉल्व्हंटचा वास पूर्ण गेल्यावर, ७० टक्के इथेनॉलमध्ये १ ला १० प्रमाणात ४८ ते ७२ तास झाकून ठेवा, अधूनमधून हलवत राहा. सॉक्सलेट (गरम सॉल्व्हंट पुन्हा पुन्हा फिरवणारं उपकरण) भराभर होतं पण उष्णता सतत लागते, उष्णतेला नाजूक घटक असतील तर भिजवणंच बरं.
३. मलमलमधून, मग व्हॉटमन १ फिल्टर पेपरमधून गाळा.
४. रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० ते ४५ अंशांना इथेनॉल काढा, उरलेलं पाणी फ्रीझ ड्रायरने काढा. फ्रीझ ड्रायर नसेल तर व्हॅक्युम ओव्हन.
५. वजन करा, टक्केवारी काढा, लॉट नंबर घाला, छोट्या छोट्या बाटल्यांत भरून उणे २० ला ठेवा. एकच मोठी बाटली रोज उघडायची नाही, अर्क हवेतला ओलावा ओढतो आणि दोन आठवड्यांत त्याचा डिंक होतो.

तपासा: थोडा अर्क पाण्यात विरघळवून ०.४५ मायक्रॉन फिल्टरमधून काढा आणि आधी-नंतरचं कोरडं वजन बघा. समजा १०० मिग्रॅमधले ३० फिल्टरवरच राहिले, तर पुढच्या सगळ्या हिशोबात ७० धरायचे. न गाळता वापरलात तर सुई तुंबेल, आणि गाळून १०० च धरलेत तर सगळे आकडे खोटे.

फोलिन पद्धतीने एकूण फिनॉल पण आत्ताच काढून ठेवा, गॅलिक आम्लाच्या तुलनेत, ७६५ नॅनोमीटर तरंगलांबीला. पुढे धुण्यात किती अर्क गेला आणि मॅटमधून किती सुटला हे मोजायला हाच धागा पकडायचाय.

टप्पा ३: एमआयसी आणि पेशी, दोन्ही मॅटच्या आधी

हा टप्पा लोक शेवटी ठेवतात. अर्क नुसताच, पॉलिमरशिवाय, किती तीव्रतेला बॅक्टेरिया थांबवतो हे माहीत नसताना मॅट बनवणं म्हणजे गिऱ्हाइकाचं माप न घेता कापड कापणं.

९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात अर्क पायरीपायरीने पातळ करत वाढ बघणं) करा. स्टॅफ ऑरियससाठी एटीसीसी २९२१३, ई. कोलायसाठी २५९२२, स्यूडोमोनाससाठी २७८५३ हे नेहमीचे प्रमाण स्ट्रेन, तोडीचे स्ट्रेन पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या जिवाणू-संग्रहांकडून मागवता येतात. अर्काचा रंग गडद असतो त्यामुळे गढूळपणा डोळ्यांनी कळत नाही, म्हणून लोक रिझाझुरिन (रंग बदलणारं सूचक) टाकतात, निळा राहिला तर वाढ नाही, गुलाबी झाला तर वाढ आहे. पण वनस्पतींचे पॉलिफिनॉल स्वतःच रिझाझुरिनचा रंग बदलू शकतात! त्यामुळे प्रत्येक तीव्रतेला बॅक्टेरिया न टाकलेला, फक्त अर्काचा खड्डा हवाच. आणि खात्रीसाठी खड्ड्यांतलं थोडं थोडं अगारवर टिपून बघा.

अर्क विरघळवायला डीएमएसओ (एक सॉल्व्हंट) वापरलात तर शेवटचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास ठेवा आणि नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल लावा.

त्याच आठवड्यात एल९२९ पेशींवर (उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशी) अर्काची एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजायची टेस्ट) पण करा. पेशी पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) रिपॉझिटरीतून मिळतात. समजा एमआयसी ५ मिग्रॅ प्रति मिलि आली आणि पेशी ०.५ ला मरायला लागल्या, तर तुमच्याकडे औषधाची खिडकी नाहीच, बॅक्टेरिया मारण्याएवढा डोस जखमेतल्या पेशींनाही मारणार. हे आठ महिन्यांनी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं चांगलं. मग अर्काचे भाग पाडा, इथाइल अ‍ॅसिटेटचा भाग वेगळा, पाण्याचा वेगळा, आणि कुठल्या भागात एमआयसी खाली येते ते बघा. कच्च्या अर्काची एमआयसी बहुतेक वेळा मिग्रॅमध्येच असते, मायक्रोग्रॅममध्ये आली तर आनंदाच्या आधी शंका येऊ द्या, कुठला तरी सॉल्व्हंट राहिलाय का बघा.

टप्पा ४: कागदावरचं गणित

मशीनला हात लावायच्या आधी एक वही घ्या.

पहिली गल्लत टक्क्यांची. "१० टक्के अर्क टाकला" म्हणजे कशाच्या १० टक्के? १० मिलि द्रावणात १ ग्रॅम पीव्हीए आहे. पॉलिमरच्या १० टक्के म्हणालात तर अर्क १०० मिग्रॅ, द्रावणाच्या १० टक्के म्हणालात तर १ ग्रॅम, म्हणजे पॉलिमरएवढाच. दहापट फरक! लॅबमधले दोन जण एकच प्रोटोकॉल वाचून दोन वेगळ्या मॅट बनवतात ते यामुळे. इथे पुढे सगळीकडे पॉलिमरच्या वजनाचे टक्के धरलेत.

आता ६ मिमीची चकती. क्षेत्रफळ ०.२८३ चौसेमी. मॅट १० जीएसएमची असेल, म्हणजे चौरस मीटरला १० ग्रॅम, तर चकतीचं वजन ०.२८३ मिग्रॅ. त्यात अर्क पॉलिमरच्या १० टक्के, म्हणजे एकूण वजनाचा अकरावा हिस्सा, आला सुमारे २६ मायक्रोग्रॅम. आणि तुमची एमआयसी ५ मिग्रॅ प्रति मिलि. २६ मायक्रोग्रॅम अगारमध्ये पसरणार आणि तुम्ही झोनची वाट बघत बसणार. जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या चकतीत १० मायक्रोग्रॅमच असतं हे खरं, पण त्याची एमआयसी एका मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून खाली असते, आपली त्याच्या हजारो पट.

आता दुसरी मॅट बघू. ४० जीएसएम, अर्क ३० टक्के, आणि भाग पाडून एमआयसी १ मिग्रॅवर आणलीत. दर चौसेमीला मॅट ४ मिग्रॅ, त्यात अर्क सुमारे ०.९ मिग्रॅ. ४ चौसेमीच्या तुकड्यावर १ मिलि जिवाणूंचं द्रावण टाकलं आणि सगळा अर्क सुटला तर ३.६ मिग्रॅ प्रति मिलि, एमआयसीच्या वर. याला काहीतरी अर्थ आहे.

वेळेचाही हिशोब करून टाका. १० बाय १० सेमीची ४० जीएसएम मॅट म्हणजे ०.४ ग्रॅम माल, १० टक्के पीव्हीए आणि ३ टक्के अर्क असलेल्या द्रावणाचे सुमारे ३ मिलि, ताशी ०.५ मिलिने ६ तास, तेही सगळे फायबर कलेक्टरवर पडले तर, आणि ते पडत नाहीत. ए४ कागदाएवढी हवी असेल तर दिवस नाही पुरत.

थांबा: गणित जमत नसेल तर पुढे जाऊ नका. अर्क वाढवा, जाडी वाढवा, भाग पाडा किंवा दावाच बदला. "जंतुनाशक" न म्हणता "जखम भरायला मदत करणारी, अँटिऑक्सिडंट" मॅट हाही प्रामाणिक प्रोजेक्ट आहे.

टप्पा ५: द्रावण

पीव्हीए बाटलीवरचे दोन आकडे वाचा, रेणुभार आणि हायड्रोलिसिस (किती टक्के अ‍ॅसिटेट गट निघालेत). ८७-८९ टक्केवाला पटकन विरघळतो, छान स्पिन होतो, पण मॅट पाण्यात पडली की गायब. ९८-९९ टक्केवाला ९० अंशांच्या पुढे नेल्याशिवाय विरघळत नाही, स्पिनिंगला हट्टी आहे, पण नंतर पाण्यात टिकवायला सोपा. काही जण त्याचा हट्ट मोडायला ट्रायटॉन एक्स-१०० (एक डिटर्जंट) टाकतात. ते करू नका, ट्रायटॉन पेशींची आवरणं फोडतं, मग सगळ्याच टेस्ट बिघडल्या.

पीव्हीए थंड डिआयनाइज्ड पाण्यात भुरभुरत टाका, ढवळत राहा, दाणे फुगले की मग हळूहळू ८० ते ९० अंशांवर (९८-९९ टक्केवाला असेल तर ९० च्या पुढे) न्या आणि झाकून दोन ते चार तास ठेवा. थेट गरम पाण्यात टाकलंत तर बाहेरून चिकट, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या दुसऱ्या दिवशीही तशाच असतात. १० टक्क्यांपासून सुरुवात करा, ८ ते १२ मध्ये कुठेतरी जमतं. पाणी उडालं असेल तर वजन करून भरून काढा, नळाचं पाणी चालणार नाही, क्षारांनी कंडक्टिव्हिटी बदलते.

अर्क गरम द्रावणात टाकायचा नाही. खोलीच्या तापमानाला आल्यावर, आधी थोड्या पाण्यात विरघळवून आणि ०.४५ मधून गाळून, मग टाका. इथेनॉल लागलंच तर अगदी थोडं, जास्त झालं की पीव्हीए पांढरं होऊन बाहेर येतं. डीएमएसओ इथे वापरू नका, त्याचा उत्कलनबिंदू १८९ अंश, उडत्या फायबरमधून ते निघून जात नाही, मॅट ओली राहते.

रात्रभर झाकून ठेवा, बुडबुडे निघू द्या. सकाळी व्हिस्कॉसिटी आणि कंडक्टिव्हिटी मोजा, अर्कासकट आणि अर्काशिवाय. वनस्पतींच्या अर्कात पोटॅशियमसारखे क्षार बरेच असतात, कंडक्टिव्हिटी उडी मारते, त्यामुळे साध्या पीव्हीएला बसवलेलं सेटिंग अर्काच्या द्रावणाला चालत नाही.

टप्पा ६: स्पिनिंग

सावधान: आत १० ते २५ केव्ही आहे. स्विच बंद केला तरी सुई आणि कलेक्टरवर चार्ज राहतो, आधी अर्थिंगच्या काठीने दोन्हीला स्पर्श करायचा, मगच दार उघडून हात घालायचा. इंटरलॉक (दार उघडताच वीज तोडणारा स्विच) बायपास केलेलं मशीन असेल तर गाइडला सांगा आणि दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. रात्री एकट्याने चालवायचं नाही.

सुरुवातीचं सेटिंग: सुई २१ ते २३ गेज, तोंड सपाट घासलेलं, अंतर १२ ते १५ सेमी, प्रवाह ताशी ०.३ ते ०.५ मिलि, कलेक्टरवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल. आधी पंप चालू करा, सुईच्या टोकाला थेंब येऊ द्या, मग व्होल्टेज १० पासून हळूहळू चढवा. मागे टॉर्च धरून बघा, अर्काचा थेंब चहाच्या रंगाचा असतो, तो आधी लोंबतो, मग ताणला जाऊन सुळका होतो आणि सुळक्याच्या टोकातून केसाहून बारीक धार सुटते, थोडी सरळ जाते आणि मग दिसेनाशी होते. तो सुळका दहा मिनिटं स्थिर राहिला तर सेटिंग जमलं.

नाही जमलं तर:

थेंब टपटप पडतोय: प्रवाह कमी करा, नाहीतर व्होल्टेज थोडं वाढवा.
सुईच्या टोकाला जेलीचा गोळा बसतोय: प्रवाह फार कमी आहे किंवा हवा फार कोरडी.
दोन-तीन धारा सुटतायत, धार भरकटतेय: व्होल्टेज जास्त झालं.
मायक्रोस्कोपखाली मण्यांची माळ दिसतेय: पीव्हीए कमी पडलं, १ टक्क्याने वाढवा, व्होल्टेजशी खेळत बसू नका.
फायबर एकमेकांत वितळल्यासारखे, चकचकीत फिल्म: ओलावा जास्त, किंवा अंतर कमी.

शेवटचं आपल्याकडे सगळ्यात जास्त. मुंबई-कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतला ओलावा ८०-९० टक्क्यांवर असतो आणि पीव्हीए पाण्यातलं, ते वाळणार कसं! चेंबरचा ओलावा ४५ टक्क्यांच्या खाली आणा, डिह्युमिडिफायर लावा, निदान एसी आणि चेंबरमध्ये सिलिकाचे ट्रे. रोजचा ओलावा आणि तापमान वहीत लिहा. हिवाळ्यात बसवलेला प्रोटोकॉल जुलैमध्ये चालत नाही म्हणून लोक केमिकलला दोष देतात.

मोठी बॅच लावायच्या आधी काचपट्टीवर पाच मिनिटं फायबर घ्या आणि साध्या मायक्रोस्कोपखाली बघा, मणी तिथेही दिसतात. एसईएमच्या स्लॉटची तीन आठवडे वाट बघून मणी बघण्यात काय मजा आहे. जाड मॅट करताना थर वाढला की त्यावर चार्ज साचतो आणि नवे फायबर बाजूला उडायला लागतात, त्यामुळे मधली आणि कडेची जाडी वेगळी येते, फिरता ड्रम असेल तर तोच वापरा. लाईट जाण्याचा भरवसा नसेल तर यूपीएसशिवाय लांब रन लावू नका, पंप थांबला की सुईतलं द्रावण सुकतं आणि परत चालू केल्यावर पहिले मोठे थेंब थेट मॅटवर येऊन भोकं पाडतात.

तपासा: पाच जागचे १ बाय १ सेमीचे तुकडे कापून वजन करा. हा तुमचा खरा जीएसएम, टप्पा ४ मध्ये हाच घालून हिशोब परत करा. साध्या पीव्हीएची मॅटही त्याच जाडीची बनवा, कंट्रोल पातळ आणि सॅम्पल जाड असेल तर तुलना कसली.

टप्पा ७: पाण्यात टिकवणं, आणि इथेच निम्मा अर्क जातो

तीन नेहमीचे मार्ग आहेत. ग्लुटराल्डिहाइडची वाफ: डेसिकेटरमध्ये, थोड्या आम्लासोबत, चालतं छान, पण उरलेलं ग्लुटराल्डिहाइड बॅक्टेरियाही मारतं आणि पेशीही. सायट्रिक आम्ल: द्रावणातच पॉलिमरच्या ५ ते १० टक्के टाकून मॅट १२०-१४० अंशांना तापवायची, कमी विषारी, पण उष्णतेने अर्काचं काय होतं ते मोजावं लागतं आणि न जुळलेलं आम्ल स्वतःच बॅक्टेरिया रोखतं. तिसरा, पूर्ण हायड्रोलाइज्ड पीव्हीए नुसतं तापवणं किंवा मेथॅनॉलमध्ये बुडवणं, पण मेथॅनॉल अर्क ओढून घेतं. मला विचाराल तर विद्यार्थ्याने सायट्रिक आम्लाने सुरुवात करावी.

कुठलाही घ्या, धुवावं लागतंच. ग्लुटराल्डिहाइड असेल तर ०.१ मोलर ग्लायसिनमध्ये, मग पाण्यात. आणि धुताना अर्क पण सुटतो. ते पाणी फेकू नका! त्यात फोलिन करा, किती गेलं ते काढा, आणि उरलेला आकडा घेऊन टप्पा ४ मध्ये परत जा. हा परतीचा फेरा जवळपास कुणीच मारत नाही.

तपासा: तुकडा ३७ अंशांना पीबीएसमध्ये (शरीरातल्या क्षारांसारखं बफर द्रावण) २४ तास, मग वाळवून वजन. निम्म्याहून जास्त गेलं तर क्रॉसलिंकिंग झालंच नाही.

टप्पा ८: फोटो, स्पेक्ट्रम, रिलीज

एसईएमवर सोन्याचा थर देऊन, निदान तीन वेगळ्या जागांचे फोटो, इमेजजे सॉफ्टवेअरमध्ये स्केल आधी बसवून १०० फायबर मोजा, आवडते बारीक बारीक निवडून नाही. क्रॉसलिंकिंगनंतरचा आणि भिजवून वाळवल्यानंतरचा फोटोही हवा, शेवटी जखमेवर जाणारी मॅट तीच.

एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) पीव्हीएचा ३३०० चा रुंद ओएच आणि अर्काचा ओएच एकावर एक बसतात. "३३०० ची शिखर थोडी सरकली म्हणजे हायड्रोजन बंध" हे वाक्य सगळ्या थिसिसमध्ये आहे, एकट्या त्यावर फार वजन टाकू नका. ८८ टक्केवाल्या पीव्हीएत १७३० ला अ‍ॅसिटेटचं शिखर आधीपासूनच असतं, त्याला अर्काचं कार्बोनिल म्हणू नका.

रिलीज (मॅटमधून अर्क किती सुटतो ते) पीएच ७.४ च्या पीबीएसमध्ये, ३७ अंशांना. साध्या मॅटचं द्रावण हाच ब्लँक, कोरं पीबीएस नाही. प्रत्येक वेळी नमुना काढलात की तेवढंच ताजं पीबीएस टाका आणि बेरजेत काढलेलं धरा, ही दुरुस्ती एक्सेलमध्ये एका ओळीची आहे आणि तरी राहते. जुनाट जखमा अल्कधर्मी असतात म्हणून ८ च्या आसपासचाही एक पीएच करून बघा.

टप्पा ९: बॅक्टेरियाची खरी परीक्षा

मॅट निर्जंतुक कशी करणार? ऑटोक्लेव्हमध्ये पीव्हीए गोळा होतं. ७० टक्के इथेनॉलमध्ये ३० टक्के पाणी असतं, मॅट आकसते आणि अर्कही सुटतो. लॅबपुरतं दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा तास यूव्ही चालतं, हळदीचा अर्क असेल तर तेही जपून, करक्युमिन प्रकाशात टिकत नाही. पुढच्या कामाला गॅमा किरण, २५ किलोग्रे, ट्रॉम्बेला ब्रिटच्या (अणुऊर्जा खात्याची संस्था) आयसोमेडमध्ये ती सोय आहे.

कंट्रोल पाच, एकही वगळू नका: साधी मॅट त्याच क्रॉसलिंकिंगची आणि तशीच धुतलेली, कोरी कागदी चकती, कागदी चकतीवर मॅटएवढाच अर्क, जेंटामायसिन, आणि नुसते बॅक्टेरिया.

झोनसाठी म्युलर-हिंटन अगार ४ मिमी जाड, जिवाणूंचा गढूळपणा ०.५ मॅकफारलंड, स्वॅब केल्यावर १५ मिनिटांत चकत्या, ३५ अंशांना १६ ते १८ तास. नुसत्या चकतीच्या खाली वाढ नसणं म्हणजे झोन नव्हे! आणि न टिकवलेली मॅट विरघळून जी चिकट गोल खूण उरते तीही झोन नाही. मोठे रेणू अगारमध्ये नीट पसरत नाहीत, त्यामुळे झोन आला नाही म्हणजे काम करत नाही असंही नाही.

म्हणून मुख्य पुरावा मोजणीचा ठेवा. ठरावीक क्षेत्रफळाच्या तुकड्यावर मिलिमध्ये सुमारे १० चा ५ वा घात एवढे जिवाणू, शून्य तासाला आणि २४ तासांना कॉलनी मोजा, लॉग घट काढा. ३ लॉग घट (म्हणजे हजारपट कमी) आली तर मारतं म्हणा, त्याहून कमी असेल तर रोखतं म्हणा. इथला छुपा सापळा म्हणजे फायबरच्या जाळ्यात बॅक्टेरिया अडकून बसतात, द्रवात येत नाहीत, आणि प्लेटवर कमी दिसले की आपण मेले समजतो. तुकडा व्होर्टेक्स करून किंवा थोडा सोनिकेट करून बॅक्टेरिया सोडवा, आणि साध्या मॅटमधून शून्य तासाला किती परत मिळतात ते आधी बघा. तिथेच निम्मे मिळत असतील तर पद्धत सुधारा.

ई. कोलाय आणि स्यूडोमोनासवर परिणाम कमी येणार, त्यांना बाहेरचं जास्तीचं आवरण असतं. लपवू नका, लिहा.

टप्पा १०: पेशी

आयएसओ १०९९३ (वैद्यकीय उपकरणांच्या जैविक चाचण्यांचं मानक) च्या पाचव्या भागाप्रमाणे चला, ७० टक्क्यांच्या खाली जिवंत पेशी गेल्या तर विषारी. मॅट अर्धा मिमीपेक्षा पातळ असेल तर माध्यमाच्या दर मिलिला मॅटचे ६ चौसेमी, ३७ अंश, २४ तास, आणि मॅट जेवढं माध्यम शोषून घेते तेवढं वेगळं वाढवून टाका, नाहीतर खड्ड्यात टाकायला काही उरत नाही.

एमटीटीतही तीच अडचण, पॉलिफिनॉल पेशींशिवायच जांभळा रंग तयार करतात, आणि मग "१३० टक्के जिवंत, पेशी वाढल्या" असा आनंद होतो. पेशी नसलेले खड्डे लावा, एमटीटी टाकण्याआधी अर्काचं माध्यम काढून पेशी धुवा.

स्क्रॅच टेस्टसाठी २०० मायक्रोलिटरच्या टिपने रेघ, सुटलेल्या पेशी धुवून, सीरम कमी केलेलं माध्यम, आणि प्लेटखाली मार्करने खूण, म्हणजे ० आणि २४ तासांचा फोटो त्याच जागेचा येईल. सीरम १० टक्के ठेवलंत तर पेशी सरकल्या की नुसत्या वाढल्या ते कळणार नाही.

टप्पा ११: प्राण्यांकडे जायचं असेल तर

संस्थेच्या आयएईसीची (प्राण्यांवरच्या प्रयोगांची नैतिकता समिती) परवानगी उंदराला हात लावायच्या आधी, आणि संस्था सीसीएसईएकडे (अशा प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची समिती) नोंदलेली हवी. परवानगीच्या अर्जात, म्हणजे फॉर्म बीमध्ये, प्राण्यांची संख्या का एवढीच, हे विचारतात, तिथे "पूर्वीच्या पेपरप्रमाणे" लिहिलं की फॉर्म परत येतो. टप्पा ९ आणि १० चे आकडे जोडा.

उंदराची जखम माणसासारखी भरत नाही. त्याच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो, तो जखम ओढून बंद करतो, त्यामुळे काही न लावलेली जखमही झपाट्याने लहान होते. जखमेभोवती सिलिकॉनची चकती टाकून ती पसरलेली ठेवणारं मॉडेल घ्या, किंवा निदान जखमेच्या आकारावर एकट्यावर विसंबू नका, हिस्टॉलॉजीत (कातडीचे काप मायक्रोस्कोपखाली बघून) नवी त्वचा किती सरकली ते मोजा, कोलॅजनसाठी हायड्रॉक्सिप्रोलिन करा. गट चार: काही न लावलेला, साधी मॅट, अर्काची मॅट, बाजारातलं ड्रेसिंग. फोटोत पट्टी, कॅमेऱ्याचं अंतर ठरलेलं, आणि क्षेत्रफळ मोजणाऱ्याला कुठला गट ते माहीत नसावं, त्यासाठी फाइलांना नंबर दुसऱ्या कुणीतरी द्यायचे आणि यादी मोजणी संपेपर्यंत त्याच्याकडेच ठेवायची.